रेन्हिफोला सोडणाऱ्यास काहीही नाही

मी, अर्लीन टेस्मर, कै. हार्लन टेस्मर यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार हॅलेक, ओहायो, हे स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेला मी नको म्हटलं, तेही पूर्ण शुद्धीत. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. राग आहे. रागाने मृत्युपत्र बाद होत नाही, हे मी वकिलांना विचारून घेतलं आहे. यापूर्वी मी केलेली मृत्युपत्रं या लिखाणाने रद्द झाली असं समजावं.

वकिलांनी दोन पानांचा मसुदा दिला होता. त्यात घर होतं, बँक होती, मोटार होती. ज्याच्यासाठी मी त्यांच्याकडे गेले ते नव्हतं. ते म्हणाले, "इतर जंगम वस्तू" या शब्दांत ते येतं. येत नाही. म्हणून मसुदा परत केला आणि हे लिहायला बसले.

कलम १. चर्चच्या रस्त्यावरचं राहतं घर माझा मुलगा रसेल याला. तो ते विकणार आहे. दोन वर्षांपूर्वी जेवायला आला असताना तो बाहेर जाऊन छपराकडे बराच वेळ बघत उभा होता, तेव्हाच मला कळलं. माझी हरकत नाही. विकत घेणाऱ्याला तळघरात पाणी येतं हे आधी सांगावं. त्याच्या वडिलांनी आणि मी घर घेतलं तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

कलम २. बँकेतल्या ठेवीचे दोन सारखे भाग करावेत. एक रसेलला, एक हॅलेकच्या ग्रंथालयाला. १९८६ पासून सतरा वर्षं ग्रंथालयाने परगावची वर्तमानपत्रं दर सोमवारी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली, आणि मी खेळाची पानं सुरीने कापून नेते हे माहीत असूनही कधी विचारलं नाही.

कलम ३. मोटार विकून येईल ते माझ्या दफनाला वापरावं. शाळेच्या बसचालकांचं जे खाकी जॅकेट कपाटात आहे, ते माझ्या अंगावर घालू नये. सव्वीस वर्षं मी बदली चालक होते. ज्याची पाठ धरली, ज्याला ताप आला, ज्याची बायको बाळंत झाली, त्याची बस मी चालवली. निवृत्तीच्या समारंभात प्रत्येक चालकाचं नाव त्याच्या मार्गाच्या क्रमांकासह वाचलं. मला मार्ग नव्हता. शेवटी "आणि इतर" म्हणाले, टाळ्या झाल्या, केक कापला. मी केक खाल्ला नाही. जॅकेट गरजूंच्या पेटीत टाकावं.

कलम ४. आता मुख्य गोष्ट.

हॅलेक गुरुवार लीगमधला संघ क्रमांक सात माझ्या मालकीचा आहे. न्यायाधीशांना बेसबॉल माहीत असेल, पण आमची लीग माहीत नसेल, म्हणून थोडक्यात लिहिते. आम्ही दहा जण आहोत. दर वर्षी मार्चच्या शेवटच्या शनिवारी बोलिंगच्या हॉलमागच्या खोलीत बसून आम्ही खरे खेळाडू बोली लावून आपापल्या कागदी संघात घेतो; घेतलेला खेळाडू सोडेपर्यंत आपला. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत ते खऱ्या मैदानावर जे करतील त्याचे गुण आम्हाला मिळतात. आम्ही कोणी चेंडू टाकत नाही. आम्ही माणसं ओळखतो, किंवा ओळखतो असं समजतो.

१९८६ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा संघ हार्लनचा होता. १९९४ मध्ये तो गेला, तेव्हापासून माझा आहे. खरं तर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, पहिल्या वर्षापासून मीच निवडत होते. हार्लनला फक्त फलंदाज दिसायचे.

सुरुवात करणारा पिचर पाच-सहा डाव टाकतो आणि दमतो. मग मैदानाच्या कडेच्या वाड्यातून, ज्याला बुलपेन म्हणतात, बदली पिचर येतात. त्यांतला जो सगळ्यात शेवटी येतो आणि तीन किंवा कमी धावांची आघाडी टिकवून सामना संपवतो, त्याच्या नावावर एक सेव्ह लागतो. त्याला क्लोजर म्हणतात. आमच्या लीगमध्ये सेव्हला गुण आहेत. सातव्या डावात तिन्ही बेसवर समोरच्या संघाचे धावपटू घरी पळायला उभे असताना, कोणीच बाद झालेलं नसताना, दुसऱ्याने लावलेली आग विझवायला जो येतो, त्याला काही नाही. त्याने एकही धाव जाऊ दिली नाही तरी काही नाही. नवव्या, म्हणजे शेवटच्या, डावात नवा कोरा डाव, रिकामे बेस आणि तीन धावांची आघाडी घेऊन जो येतो, तो सामना वाचवणारा.

हा अन्याय आहे, असं मी एकोणतीस वार्षिक सभांमध्ये म्हटलं. दुसऱ्याने बेसवर सोडलेले धावपटू ज्याने अडवले त्याला अर्धा गुण द्यावा, एवढीच माझी सूचना होती. एकोणतीस वेळा नऊ विरुद्ध एक मताने ती पडली. विसाव्या वर्षी लीगचा चिटणीस ड्वेन कुबिचेक म्हणाला, "अर्लीन, तुझी सूचना मी छापूनच ठेवलीय. दर वर्षी फक्त तारीख बदलतो." सगळे हसले. कागद खरंच छापलेला होता. तो कलम ६ मधल्या वह्यांसोबत आहे.

म्हणून मी मार्चमध्ये क्लोजर विकत घेत नाही. तिथे सगळे जीव तोडून बोली लावतात, आणि जुलै उजाडेपर्यंत त्यांच्या क्लोजरांपैकी तिघाचौघांचा नववा डाव गेलेला असतो. मी एकेका डॉलरला तीन अनोळखी मधले पिचर घेते आणि वाट बघते. कोणते, हे खऱ्या संघाच्या मॅनेजरच्या बोलण्यावरून कळत नाही. मॅनेजर पत्रकारांसमोर सगळ्यांवर विश्वास असल्याचं सांगतो. समोरच्या संघाचे तीन सर्वांत चांगले फलंदाज येणार असतात तेव्हा तो कोणाला उठवतो ते बघायचं, मग तो सहावा डाव असो की आठवा. लागोपाठ दुसऱ्या दिवशी कोणाला वापरतो आणि कोणाला जपतो ते बघायचं. नववा डाव हुद्दा आहे. भरवसा दुसरीकडे असतो.

कलम ५. ड्वेन कुबिचेक, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, बावन्न वर्षं माझा शेजारी आणि हार्लनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांपैकी एक, यास माझ्या मालमत्तेतलं काहीही मिळू नये. कारण खालीलप्रमाणे.

गेल्या वर्षी आठ जुलैला माझी झडप पहिल्यांदा बिघडली आणि मला तेवीस दिवस इस्पितळात ठेवलं. लीगच्या नियमावलीत बारावा नियम आहे: मालक आजारी पडला तर गुणतक्त्यात त्याच्या लगेच खाली जो आहे त्याने त्याचा संघ सांभाळावा. १९८६ मध्ये हा नियम हार्लनने लिहिला. वरच्याला आपल्याकडे बघायला वेळ नसतो, तळाच्याला मे महिन्यानंतर रस नसतो. जो पाठीमागे लागलेला असतो त्यालाच आपला संघ तोंडपाठ असतो, असं त्याने समजावून सांगितलं. खोलीत दहा शहाणी माणसं होती. कोणाच्या डोक्यात दुसरा विचार आला नाही. मत हार्लनचं होतं, तरी हात वर करणाऱ्यांत मीही होते.

मी तिसरी होते. ड्वेन चौथा होता.

माझ्या संघात टिबुर्सियो रेन्हिफो नावाचा पिचर होता. एका डॉलरचा. सेव्ह एकही नाही. नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी ४.६०, म्हणजे वाईट. ड्वेनने सव्वीस जुलैला त्याला माझ्या संघातून सोडून दिलं; सोडलेल्या खेळाडूवर हंगामातही कोणीही बोली लावू शकतो. चार दिवसांनी रेन्हिफोच्या खऱ्या संघाने आपला क्लोजर दुसऱ्या संघाला दिला आणि नववा डाव रेन्हिफोला मिळाला. त्याच सकाळी ड्वेनने बोली लावून त्याला घेतलं. माझ्यासाठी नव्हे. स्वतःच्या संघासाठी. सप्टेंबर संपेपर्यंत रेन्हिफोने सतरा सेव्ह केले. ड्वेन पहिला आला, मी सहावी.

यात एकही नियम मोडलेला नाही. मी तीन वेळा तपासलं.

इस्पितळात माझ्याकडे रोज येत होती ती नदीन गुडरो, रसेलची घटस्फोटित पत्नी. ती सुपरमार्केटात मांस कापते. कामाची पाळी संपली की यायची, हात अजून गार असायचे. माझ्याकडून संघातले बदल लिहून घ्यायची आणि ड्वेनला फोन करायची. रेन्हिफोला हात लावू नका, हे तिने वीस जुलैला कळवलं होतं. ड्वेनने तिला सांगितलं की लीग फक्त मालकाशी किंवा घरच्यांशी बोलते, आणि ती आता टेस्मर नाही. हे तिने मला तेव्हा सांगितलं नाही. माझ्या छातीत टाके होते म्हणून. मला ऑक्टोबरमध्ये कळलं.

या जानेवारीत ड्वेन माझ्याकडे आला. बटाट्याचं कॅसरोल घेऊन आला होता, त्याच्या बायकोने केलेलं, वर ब्रेडचा चुरा. कोट न काढता बसला. हवा झाली, गुडघे झाले. मग म्हणाला, "तू माझ्यावर चिडलीयस असं कानावर आलं."

मी म्हटलं, "कानावर यायला सहा महिने लागले."

"मला खरंच वाटलं तो संपला, अर्लीन. आकडा बघ ना. चार साठ."

"आणि चार दिवसांनी कसा काय जिवंत झाला?"

"तेव्हा त्याला नववा डाव मिळाला होता. सगळ्यांनाच हवा होता. मी जास्त बोलीचा, एवढंच."

तो खरं बोलत होता. बावन्न वर्षांत त्याचं खोटं बोलणं मी ओळखायला शिकले आहे; तेव्हा तो कानाची पाळी ओढतो. त्या दिवशी हात कॅसरोलच्या झाकणावर होते. सहा महिने मी त्याला लबाड समजत होते. चोराला निदान मालाची किंमत कळते. याने माझा माणूस फेकला तो त्याची किंमत न कळल्यामुळे, आणि उचलला तो दुसऱ्यांनी सांगितल्यामुळे. लबाडी मी कदाचित माफ केली असती.

जाताना दारात उभा राहून त्याने सांगितलं की या वर्षी नऊच संघ करावेत अशी सूचना तो मांडणार आहे. नऊ जणांचं वेळापत्रक सुटसुटीत होतं.

मी विचारलं, "कोण कमी होणार आहे?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस?"

तो म्हणाला, "भांड्याची घाई नाही. सवडीने दे."

भांडं दुसऱ्या दिवशी सकाळी परत केलं, घासून.

नियम एकोणीस असा: मालक मरण पावला तर त्याचा संघ मोडून खेळाडू मार्चच्या बोलीत काढावेत; मात्र मालकाने सहीनिशी, साक्षीदारांसमोर वारस नेमला असेल तर मतदान न घेता संघ त्या वारसाकडे जावा. मार्चचा शेवटचा शनिवार एकोणतीस तारखेला आहे. डॉक्टर तारीख सांगत नाहीत, पण एप्रिलबद्दल बोलायचं टाळतात. मी वारस नेमला नाही तर माझे तेवीस खेळाडू त्या टेबलावर पडतील आणि हा माणूस त्यांची नावं मोठ्याने वाचेल. या मृत्युपत्राचं कारण एवढंच आहे.

कलम ६. तळघराच्या वरच्या फळीवर, पाणी पोचत नाही तिथे, एकेचाळीस वह्या आहेत. त्या नदीन गुडरो हिला.

वह्यांत काय आहे ते लिहून ठेवते, म्हणजे कोणी रद्दीत घालणार नाही. बुलपेनमध्ये पिचर उठतो, अंग गरम करायला चेंडू टाकू लागतो, आणि मग मॅनेजर विचार बदलतो. पिचर बसतो. पुढच्या डावात पुन्हा उठवतात. पुन्हा बसवतात. हे चेंडू कुठल्याही तक्त्यात येत नाहीत. हात मात्र तोच असतो. मी ते चेंडू मोजले आहेत. आधी रेडिओवर, निवेदक जेवढं सांगेल तेवढं. मग टीव्हीवर, कॅमेरा जेवढं दाखवेल तेवढं. आणि तलावाकाठच्या छोट्या मैदानावर वीस उन्हाळे प्रत्यक्ष, कारण तिथे बुलपेन उघडं आहे आणि पहिल्या रांगेतून पिचरचा श्वास ऐकू येतो.

रसेल म्हणतो, "मॉम, हे सगळं आता यंत्रं मोजतात." त्याच्या यंत्रांनी मला तरी मैदानावर पडलेलेच चेंडू दाखवले.

गेल्या वर्षीची वही, दहा जूनचं पान. रेन्हिफोने आठ आणि नऊ तारखेला चेंडू टाकले होते. दहाला त्याला पाचव्या डावात उठवलं, बसवलं. सातव्यात उठवलं, बसवलं. आठव्यात उठवलं, बसवलं. मी पाहिले तेवढे एकसष्ट चेंडू. नवव्यात मैदानात पाठवलं. एक जण बाद होईपर्यंत पाच धावा गेल्या आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. तो एक दिवस काढला तर त्याची सरासरी ३.१९ होते. दुसऱ्यांनी बेसवर सोडलेले एकोणीस धावपटू तोवर त्याच्या वाट्याला आले होते. त्यांतले तीनच घरी पोचले. हे सगळं त्या पानावर होतं. पान माझ्या स्वयंपाकघरात होतं, ड्वेनच्या घरापासून चाळीस पावलांवर. त्या मॅनेजरबद्दल पानाच्या तळाशी मी जे लिहिलं आहे ते मृत्युपत्रात लिहिता येणार नाही.

कलम ७. हॅलेक गुरुवार लीगमधला संघ क्रमांक सात, त्याचे तेवीस खेळाडू, मत देण्याचा हक्क आणि बोलिंगच्या हॉलमधली खुर्ची यांसह, मी नदीन गुडरो हिला देते आणि तिला नियम एकोणीसप्रमाणे माझी एकमेव वारस नेमते. ती टेस्मर नाही. नियमात आडनावाची अट नाही. तेही तीन वेळा तपासलं. पुढील अटी तिच्यावर बंधनकारक राहतील:

एक, मार्चमध्ये क्लोजरवर पाच डॉलरपेक्षा जास्त बोली लावू नये. दोन, बदली पिचर निदान तीन असावेत आणि त्यांतला एकही तीस जूनपूर्वी सोडू नये. तीन, अर्ध्या गुणाची सूचना दर वर्षी मांडावी. चार, वह्या पुढे चालू ठेवाव्यात. पाच, ड्वेन कुबिचेकशी खेळाडूंची अदलाबदल करू नये. सहा, त्याच्या घरून आलेलं काही खाऊ नये. सात ते अकरा डावखुऱ्या पिचरांबद्दल असून सोबतच्या कागदावर आहेत.

कलम ८. हे कलम चार दिवसांनी लिहीत आहे.

काल, रविवारी, नदीन आली होती. जेवल्यावर मी तिला कलम सात वाचायला दिलं. तिने सोबतचा कागदही वाचला. वाचताना तिचे ओठ हलतात, अजूनही. कागद टेबलावर ठेवून तिने विचारलं, "मॉम, संघ मला देताय की माझ्याकडे ठेवायला देताय?"

ती मला अजून मॉम म्हणते. घटस्फोटाच्या कागदांत ते बंद करायला कोणी सांगितलं नव्हतं, असं तिचं म्हणणं.

मी म्हटलं, "देतेय. अटी साध्या आहेत."

"अकरा आहेत. तुमचा मुलगा दिलात तेव्हासुद्धा एवढ्या नव्हत्या."

"तेव्हा घालायला हव्या होत्या."

ती हसली. मग म्हणाली, "मी क्लोजर घेणार आहे. चांगला, महागातला. वीस डॉलर पडले तरी."

मला वाटलं ती चिडवतेय. ती चिडवत नव्हती. सात वर्षं मी तिला हे समजावत आले. मी तिला जुलैपर्यंत किती जणांचा नववा डाव जातो ते सांगितलं, वर्षांसकट, आठ वर्षं मागपर्यंत. तिने मधे तोडलं नाही.

"माहितीये मला. तुम्हीच शिकवलंत. पण मी कामावरून घरी पोचते तेव्हा सामन्याचा शेवटचा डाव उरलेला असतो. बूट न काढता बघते. त्या वेळी मैदानात जो असेल तो माझा असावा असं मला वाटतं. गुण जातील. जाऊ देत."

मी म्हटलं, याला निवड म्हणत नाहीत, याला हौस म्हणतात.

"हो," ती म्हणाली. "आणि मॉम, पिचरला बोलवायचं तर चेंडू त्याच्या हातात द्यावा लागतो. तुम्ही दिलात, पण बोटं सोडत नाही आहात."

ती उठून भांडी घासू लागली. मी चिडले होते. मी अजून चिडलेली आहे. ती घासत असताना अकरा अटी पुन्हा वाचल्या. सहावी सोडली तर त्या संघाला जपणाऱ्या नव्हत्या असं नाही. जपणाऱ्याच होत्या. फक्त त्या सगळ्या पाळल्या तर टेबलावर एकोणतीस मार्चला बसणारी मीच असेन, आणि नदीन माझं जॅकेट घातल्यासारखी तिथे बसेल.

म्हणून कलम सातमधल्या अटी एक ते अकरा मी या कलमाने रद्द करते. सोबतचा कागद फाडला आहे. संघ क्रमांक सात नदीन गुडरो हिचा, बिनशर्त. तिने तो हवा तसा चालवावा, ड्वेनशी अदलाबदल करावी, शेवटच्या क्रमांकाला न्यावा. मार्चमध्ये महागाचा क्लोजर घेणं ही चूक आहे. हे माझं मत एकेचाळीस वह्यांत नोंदलेलं आहे आणि माझ्या मरणाने त्यात फरक पडत नाही. ही चूक करण्याचा हक्क संघासोबत तिच्याकडे जातो.

वरील आठ कलमं मी वाचली, ती माझीच आहेत, आणि खाडाखोड आहे तिथे माझी आद्याक्षरं आहेत. मी सही करताना दोन्ही साक्षीदार समोर होते आणि दोघांनी एकमेकांसमोर व माझ्यासमोर सह्या केल्या. त्यांना यातून काही मिळत नाही. दोघांनाही बेसबॉल कळत नाही, हे मी मुद्दाम बघून घेतलं. नदीन लाभार्थी असल्याने ती घरात नव्हती. ती बाहेर गाडीत, इंजिन चालू ठेवून बसली होती.

(सही) अर्लीन टेस्मर

साक्षीदार:
(सही) एस्टर पुलियम, निवृत्त परिचारिका, हॅलेक
(सही) लायल वॉस, पियानो जुळवणारे, हॅलेक

स्थळ: हॅलेक, ओहायो
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५, सोमवार